‘साहेब नाही आले, मॅडम?’

माझी मावशी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर म्हणून निवृत्त झाली. एकदा मी तिच्याबरोबर मिलिटरी कॅन्टीनला गेले होते. काउंटरवरच्या मुलाने तिचं कार्ड घेतलं, तिच्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, “साहेब नाही आले, मॅडम?” मावशी म्हणाली, “साहेब मीच.” पोरगा ओशाळला, मावशी हसली आणि तेलाचा डबा घेऊन आम्ही घरी आलो.

मला तेव्हा तो नुसता विनोद वाटला होता. पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिक स्त्रियांच्या आरोग्यावरचं संशोधन वाचायला लागले, तेव्हा हाच विनोद तिथल्या रुग्णालयांच्या खिडकीवर भेटला. नवरा-बायको दोघं येतात, कारकून नवऱ्याकडे बघून नंबर विचारतो आणि सैन्यात नोकरी केलेली असते बायकोने. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः अमेरिकेबद्दल. आपल्याकडे शेवटी थोडं येईन.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचं एक मोठं खातं आहे, व्हेटरन्स अफेअर्स. सगळे त्याला ‘व्हीए’ म्हणतात. त्याची स्वतःची दीडशेहून अधिक रुग्णालयं आहेत, स्वतःचे डॉक्टर आहेत, शिवाय स्वतःचा संशोधन विभागही आहे. या शेवटच्या गोष्टीमुळे आजची सगळी कथा घडली. या खात्याने 1959 मध्ये ब्रीदवाक्य घेतलं ते लिंकनच्या 1865 च्या भाषणातलं: ज्याने लढाईचा भार सोसला त्याची, त्याच्या विधवेची आणि त्याच्या अनाथ मुलाची काळजी घेऊ. वाक्य सुंदर आहे. पण त्यात बाई आहे ती विधवा म्हणून. हे वाक्य बदलायला 2023 साल उजाडलं.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा स्त्रिया सैन्यात होत्याच किती? 1948 च्या कायद्याने त्यांना सैन्यात कायमची जागा मिळाली, पण एकूण संख्येच्या 2 टक्क्यांची मर्यादा घालून. ती मर्यादा 1967 मध्ये उठली. 1973 मध्ये सक्तीची भरती बंद झाली आणि मग स्त्रियांचा आकडा वाढत गेला. तरीही ‘आपल्याकडे बायका फारशा नाहीतच’ हा समज पक्का होता. तो मोडला 1980 च्या जनगणनेने. त्या वर्षी पहिल्यांदा स्त्रियांनाही विचारलं गेलं, तुम्ही कधी सैन्यात होता का? जवळजवळ 12 लाख जणी ‘हो’ म्हणाल्या! दुसऱ्या महायुद्धातल्या नर्सेस, टायपिस्ट, रेडिओ ऑपरेटर अशा कोण कोण त्यात होत्या. आपण ‘माजी सैनिक’ आहोत आणि आपला काही हक्क आहे, हे त्यातल्या पुष्कळ जणींच्या गावीही नव्हतं.

या आकड्याने सरकारची झोप उडाली असं म्हणायला हरकत नाही. 1982 मध्ये संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने व्हीएची पाहणी केली. स्त्रियांची पूर्ण शारीरिक तपासणी होईलच याची खात्री नव्हती आणि स्त्रीरोगांच्या उपचारांचीही नीट सोय नव्हती. मग सल्लागार समिती आली, कायदे आले. 1992 च्या कायद्याने स्त्रियांसाठीच्या सेवांना मान्यता मिळाली, पण गरोदरपण आणि वंध्यत्वावरचे उपचार मात्र त्यातून वगळले. म्हणजे स्त्रीचं आरोग्य मान्य, फक्त ती आई होत असेल तर नाही. असो.

कायदा झाला म्हणून उपचार चांगले होत नाहीत. त्यासाठी नेमकं काय बिघडलंय ते कळावं लागतं आणि इथे एक गणिती अडचण आडवी आली. समजा एका रुग्णालयात हृदयविकाराच्या एखाद्या औषधाचा अभ्यास चालू आहे. 200 रुग्ण घेतले, त्यात स्त्रिया 9. नऊ जणींवरून निष्कर्ष कसा काढणार? संशोधक प्रामाणिकपणे लिहितो, ‘स्त्रियांची संख्या अपुरी असल्याने त्यांना विश्लेषणातून वगळले आहे.’ पुढचा संशोधकही तेच लिहितो आणि त्यापुढचाही तेच. कोणाचाच हेतू वाईट नसतो, पण वीस वर्षांनी डॉक्टरांच्या हातात जे पुस्तक असतं ते पुरुषांच्या शरीराचं असतं.

यावरचा तोडगा साधा होता, पण चिकाटीचा. 2010 मध्ये व्हीएने स्त्री-आरोग्य संशोधनाचं एक जाळं उभं केलं. सुरुवातीला चार रुग्णालयं जोडली, पुढे देशभरातली कितीतरी त्यात आली. प्रत्येक ठिकाणी एक जबाबदार माणूस. एखादा प्रश्न निघाला की तो एकाच वेळी सगळीकडे विचारायचा. एकेका ठिकाणच्या नऊ-नऊ, पंधरा-पंधरा जणी एकत्र आल्या की मोजण्याइतकी संख्या होते. लॉस एंजेलिसच्या एलिझाबेथ यानो आणि पालो आल्टोच्या सुझन फ्रेन या दोघींनी हे काम वर्षानुवर्षं ओढलं आहे. त्यांच्या आकडेवारीतली एकच गोष्ट सांगते. 2000 साली व्हीएकडे उपचाराला येणाऱ्या माजी सैनिक स्त्रिया सुमारे 1 लाख 60 हजार होत्या, 2015 मध्ये त्या जवळजवळ 4 लाख 40 हजार झाल्या. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या तरुण मुलींची त्यात मोठी भर होती.

या जाळ्याच्या आधीचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यावर जरा थांबते.

युद्धातले किंवा अत्याचाराचे प्रसंग मनातून जात नाहीत, झोपेत येतात, गर्दीत अंग थरथरतं, माणूस घराबाहेर पडणं टाळतो. हा पीटीएसडी नावाचा आजार तुम्ही ऐकला असेल. सैन्यात नोकरी केलेल्या स्त्रियांवर त्यावरचे उपचार तोवर कोणी नीट तपासलेले नव्हते. 2007 मध्ये पॉला श्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 284 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 277 माजी सैनिक होत्या, 7 नोकरीत होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. दोन्ही गटांना आठवड्यातून एकदा दीड तास, असे दहा आठवडे. एका गटात आजच्या अडचणींबद्दल बोलायचं, आधार द्यायचा, जुना प्रसंग उकरायचा नाही. दुसऱ्या गटात नेमकं उलटं. डोळे मिटून तो प्रसंग आता घडतो आहे असा सांगायचा, पुन्हा पुन्हा सांगायचा. ते बोलणं टेप करायचं आणि घरी जाऊन रोज ऐकायचं. शिवाय ज्या जागा टाळत आलो तिथे हळूहळू जायचं. एखादीला पार्किंगची भीती असेल तर आधी दिवसा, मैत्रिणीबरोबर. मग एकटीने.

हे वाचताना माझ्या मनात आलं, बापरे, हा उपचार आहे की शिक्षा? आपली आजी म्हणाली असती, कशाला खपली काढता. आणि खरंच, या गटातून मध्येच सोडून जाणाऱ्या जास्त निघाल्या. पण उपचार संपल्यावर पाहिलं तेव्हा या गटातल्या 41 टक्के जणींमध्ये पीटीएसडीचं निदान उरलं नव्हतं. नुसत्या आधाराच्या गटात हे प्रमाण 28 टक्क्यांच्या आसपास होतं. व्हीएने पुढे आपल्या मानसोपचारकांना देशभर या पद्धतीचं प्रशिक्षण दिलं. कोण्या समुपदेशकाला मनापासून वाटलं म्हणून हे झालं नाही. 284 जणींनी संशोधनात भाग घ्यायचं कबूल केलं म्हणून झालं. अर्थात 41 म्हणजे 100 नव्हे, हेही डोक्यात असू द्या.

या स्त्रियांचा आघात पुष्कळदा शत्रूच्या गोळीचा नव्हता, स्वतःच्या छावणीतला होता. व्हीएमध्ये आता येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला, पुरुषालाही, दोन छोटे प्रश्न विचारतात: नोकरीत असताना नको असलेले लैंगिक चाळे, शेरे, दबाव झाला का? बळजबरी किंवा धमकी देऊन संबंध ठेवायला लावले का? साधारण तीनपैकी एक स्त्री ‘हो’ म्हणते. पुरुषांत पन्नासात एक. हे उपचाराला आलेल्यांचे आकडे आहेत, सगळ्या सैन्याचे नव्हेत. पण व्हीएने इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. यासंबंधीचे उपचार फुकट आहेत आणि त्यासाठी तेव्हा तक्रार केली होती का, कागद आहे का, हे विचारत नाहीत. वरिष्ठाविरुद्ध तक्रार करून कागद सांभाळून ठेवणारी किती जणी असणार?

मला सगळ्यात जास्त चटका लावणारा अभ्यास मात्र औषधाचा नाही, व्हरांड्याचा आहे. संशोधकांनी 12 रुग्णालयांतल्या 1395 स्त्रियांना विचारलं, इथे तुम्हाला कोणी त्रास दिला का? चारपैकी एक जण म्हणाली, हो. त्रास देणारे डॉक्टर नव्हते. व्हरांड्यात, कॉफीच्या टपरीशी बसलेले माजी सैनिक पुरुष होते. शिट्ट्या, शेरे, ‘तू कुठली लढलीस’ असले टोमणे. 2019 मध्ये हा अभ्यास छापून आला. ज्यांना असा त्रास झाला त्यांच्यात तपासणी पुढे ढकलण्याचं, चुकवण्याचं प्रमाण जास्त होतं. स्तनांच्या तपासणीचं, मॅमोग्राफीचं यंत्र कितीही आधुनिक आणा, त्याच्यापर्यंतचे ते पन्नास पावलं चालायला बाई धजावत नसेल तर काय उपयोग? 2021 च्या जानेवारीत आलेल्या कायद्यात अशा छळाविरुद्ध धोरण आखायची सक्ती झाली.

त्या कायद्याला नाव दिलंय डेबोरा सॅम्प्सनचं. ही अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पुरुषवेष घेऊन लढली. मांडीत गोळी लागली तेव्हा डॉक्टरकडे गेलो तर बिंग फुटेल म्हणून तिने ती स्वतःच चाकूने काढली, असं सांगतात. दंतकथेचा भाग त्यात असेलही. पण डॉक्टरला टाळणारी सैनिक स्त्री तिथेही आहेच.

बाकीचं भराभर सांगते. कृत्रिम पाय पुरुषांच्या मापाचे आणि पुरुषांच्या बुटांसाठी बनत, त्यावर आता काम चालू आहे. महिन्याकाठी दोन-चारच स्त्रिया तपासणाऱ्या डॉक्टरचा हात त्या कामात बसत नाही, म्हणून डॉक्टर-नर्सेससाठी खास शिबिरं सुरू झाली. आणि आत्महत्यांचं दुखणं आहेच: 2020 ते 2021 या एका वर्षात माजी सैनिक स्त्रियांमधला आत्महत्यांचा दर 24 टक्क्यांनी वाढला. त्यातल्या निम्म्याहून जास्त बंदुकीने झाल्या. म्हणून आता डॉक्टर रुग्णाला घरातली बंदूक कुलपात आहे का हेही विचारतात.

आता आपल्याकडे. वैद्यकीय आणि नर्सिंग सेवा सोडून इतर शाखांत आपल्या सैन्याने स्त्रियांना अधिकारी म्हणून घेतलं 1992 पासून. पुष्कळ जणी चौदा वर्षांनी बाहेर पडल्या. पेन्शनला वीस वर्षं लागतात. कायमस्वरूपी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत अधिकारी म्हणून राहता येण्याचा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो 2020 मध्ये. लष्करी पोलिसांत जवान म्हणून मुलींची पहिली तुकडी 2021 मध्ये बेंगळुरूला तयार झाली. आणि इथून जवळच, खडकवासल्याच्या एनडीएतून 30 मे 2025 ला 17 मुली पहिल्यांदा बाहेर पडल्या. त्या मुलींची भरतीच्या वेळची तपासणी झालेली आहे, कागद आहेत. आज त्या विशीत आहेत. त्यांचे गुडघे, त्यांची पाठ, त्यांची पाळी, बाळंतपणं यांची नोंद आजपासून ठेवली तर चाळीस वर्षांनी कोणाला अंदाजपंचे बोलावं लागणार नाही.

पण ज्या चौदा वर्षं करून निघून गेल्या त्यांचं काय? आपल्या 2011 च्या जनगणनेत ‘तुम्ही सैन्यात होता का’ हा प्रश्नच नव्हता. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मेळाव्याला त्यांच्यातली कोणी गेली तर बहुधा वीरपत्नींच्या रांगेत बसवतील. गेल्या वर्षी मी मावशीच्या जुन्या डायरीतून तिच्याबरोबरच्या आणि नंतरच्या अकरा जणींचे फोन नंबर काढले. सहा लागले. त्यातल्या एकीने पहिल्यांदा विचारलं, “कोणासाठी माहिती हवीय, मिस्टरांच्या?” मिस्टर तिचे बँकेत होते.

एवढं बोलून थांबते. आता तुमचे प्रश्न.