गाडीतला डबा

‘गाडीत कसं खावं’ हा विषय फळ्यावर वाचून पहिल्या रांगेतले दोघं हसले, ते मी पाहिलं. हसा. मलाही आयोजकांनी विषय विचारला तेव्हा हसू आलं होतं. खायला काय शिकवायचं? पण घरच्या पंगतीत सगळे जेवायलाच बसलेले असतात. गाडीत तुम्ही जेवता आणि समोरचा तुमच्या डब्याकडे बघायचं नाही म्हणून खिडकीबाहेर बघत बसतो. खरी पंचाईत इथून सुरू होते.

मी बारा वर्षं अमळनेर ते जळगाव अपडाउन केलं. सुरत–भुसावळ लाइनची पॅसेंजर. नंदुरबारकडून आलेली गाडी, त्यामुळे बसायला जागा मिळाली तर नशीब. त्या गाडीत एक म्हातारबाबा नेहमी दिसत. धरणगाव गेलं की मांडीवरचं फडकं सोडत. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. पण भाकरीचा तुकडा मोडायच्या आधी आजूबाजूच्या चौघांकडे बघून म्हणायचे, “या भाऊ, जेवाले.” त्यावर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, “नही बाबा, आते जेवीसन निंघनू.” म्हणजे आत्ताच जेवून निघालो. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नसलेला माणूसही हेच सांगायचा. मग बाबा निवांत जेवत. त्या दोन वाक्यांत बाबांनी आमच्याकडून परवानगी घेतलेली असायची आणि आम्ही ती दिलेली असायची. कुणाला अवघडायला होत नसे. आता मोबाइलवर नजर ठेवून पुडा फोडतात, त्यात हेच हरवलं.

एक मात्र लक्षात ठेवा. स्टेशनवर भोंगा सांगत असतो, अनोळखी माणसानं दिलेलं काही खाऊ नका. बिस्किटात, चहात गुंगीचं औषध घालून प्रवाशांना लुटल्याचे प्रकार झालेत, म्हणून ते सांगावं लागतं. तेव्हा बोलावणं एकदाच करायचं. आपला खान्देशी आग्रह म्हणजे ताटावर आडवा हात धरला तरी बट्टी पडते आणि वरून तुपाची धार. तो आग्रह लग्नात करा. गाडीत कुणी ‘नको’ म्हटलं तर त्यात आपला अपमान शोधू नये. आणि लहान मूल टक लावून बघत असेल तर खाऊ मुलाच्या हातात देऊ नका, आधी आईला विचारा.

आता वासाचं. आपल्या जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. काड्यांवर भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण. डब्याचं झाकण उघडलं की पार दारात लटकलेल्याला कळतं. मला तो वास अत्तरासारखा. पण शेजारी सूर्यास्ताआधी जेवण उरकणारं जैन कुटुंब असेल, किंवा कुणाची आषाढी असेल, तर त्यांनी जावं कुठे? डबा बंद ठेवायला मी सांगत नाही. गाडी भुसावळला चांगली थांबते, फलाटावरचा बाक आपलाच आहे. फक्त गाडीकडे लक्ष ठेवा. भरीत पोटात आणि सामान गाडीत, असं माझं एकदा झालंय.

एसटीचं गणित वेगळं. चाळीसगावहून संभाजीनगरकडे जाताना कन्नड घाट लागतो. त्या वळणांत वडापाव काढणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. वळणांवर कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे समोरच्या सीटच्या पाठीकडे बघून सांगतात की आपण स्थिर आहोत. या भांडणात मळमळ सुटते, आणि त्यात तळणाचा वास आला की संपलंच. पुढच्या सीटवरच्या बाई पदर नाकाला लावून बसल्या असतील तर घाट चढून होईपर्यंत भूक मारा.

लांबच्या गाडीत घड्याळ बघा. झोपायची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. दहापर्यंत खालचा बर्थ सगळ्यांचा बाक असतो, तोवर जेवून घ्यावं. साडेदहाला दुसऱ्याच्या पायाशी बसून शेवभाजीचा डबा उघडला तर तर्रीचा डाग त्याच्या चादरीवर पडतोच.

कचऱ्याबद्दल फार बोलणार नाही. रेल्वेत घाण केली तर पाचशे रुपयांपर्यंत दंड, हा नियम 2012 पासून आहे. पण दंडापेक्षा मला रूळ तपासत कडेनं चालणारा रेल्वेचा कीमन दिसतो. धावत्या गाडीतून फेकलेली बाटली त्याच्या अंगावर दगडासारखी येते. गुटख्याची पिचकारी तर मी खाण्यात धरतच नाही.

त्या म्हातारबाबांचंच सांगून थांबतो. एका उन्हाळ्यात गाडी पाळधीच्या अलीकडे तास-दीड तास उभी राहिली. माझ्याजवळ घरची केळी होती. बाबांना म्हटलं, “घ्या बाबा.” ते ठरलेलं उत्तर द्यायला लागले, “आते जेवी...” आणि फण्याकडे बघून थांबले. सोललेलं नसलेलं केळं. घेणाऱ्याला भीती नाही, देणाऱ्याला ओशाळं वाटायचं कारण नाही. त्यांनी एक घेतलं, शांतपणे खाल्लं, साल नीट घडी करून आपल्या फडक्यात बांधली. म्हणाले, “घर बकरी शे.”