कुत्र्याला शेकहँड नंतर शिकवा, आधी दुर्लक्ष करायला शिकवा

नमस्कार मंडळी! मागे चटईवर पसरलाय तो गुंड्या. इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा आहे, पांढराशुभ्र, साडेचार वर्षांचा. नाव ठेवताना मला गंमत वाटली होती. नंतर नाही वाटली.

आधी किस्सा सांगते. संक्रांतीचे दिवस. आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हळदीकुंकवाला निघाल्या होत्या. काळी चंद्रकळा, हातात तिळगुळाचा डबा. लिफ्टचं दार उघडलं आणि हे साहेब दोन पायांवर उभे राहून थेट काकूंच्या कमरेला भिडले. मी मागून ओरडतेय, "काही करत नाही हो तो!" काकूंनी पदराकडे पाहिलं, चंद्रकळेवरचे पांढरे केस एकेक करून उचलले आणि म्हणाल्या, "करत नाही? मग हे काय केलंन?" तोवर डबा उपडा झालेला. सांडलेला तिळगूळ गुंड्याने अगदी गोड मानून घेतला.

आता गंमत बघा. त्या वेळी गुंड्याला 'बस' येत होतं. शेकहँड येत होता, लोळण घेता येत होती, 'ठो' म्हटलं की मरून पडायचा. पाहुण्यांपुढे सगळे प्रयोग हाउसफुल. आणि लिफ्टमध्ये शून्य.

माझी चूक अशी, की मी त्याला करायच्या गोष्टी शिकवत होते. चारचौघांत कुत्र्याने करायचं असतं ते बहुतेक वेळा 'काहीच नाही'. समोरून माणूस गेला, काही नाही. सायकल गेली, काही नाही. भाजीवाल्याच्या गाडीखालून मांजर निघालं... बरं, तिथे थोडी सूट देऊ.

अमेरिकन केनेल क्लबने 1989 मध्ये 'कनाइन गुड सिटिझन' नावाची परीक्षा सुरू केली. एकूण 10 चाचण्या. त्यात शेकहँड कुठेही नाही. अनोळखी माणूस येऊन मालकाशी बोलतो, कुत्र्याने शांत राहायचं. समोरून दुसरा माणूस आपला कुत्रा घेऊन येतो, दोघं मालक थांबून हात मिळवतात, कुत्र्यांनी फारशी दखल घ्यायची नाही. गर्दीतून चालायचं. मालक तीन मिनिटं नजरेआड जातो, तेवढा वेळ दुसऱ्याजवळ थांबायचं. आणि परीक्षा चालू असताना खाऊ दाखवायला बंदी! ही यादी वाचली तेव्हा कळलं, आमचा गुंड्या बिगरीतच आहे.

मग 'काहीच न करणं' शिकवायचं कसं? सगळा खेळ अंतराचा आहे.

कुत्रा शब्द शिकतो तो जागेसकट. दिवाणखान्यात सोफ्याजवळ 'बस' शिकला, तर त्याच्या लेखी 'बस' म्हणजे सोफ्याजवळ बसणं. तोच शब्द रस्त्यावर, रिक्षांच्या आवाजात, वडापावच्या वासात म्हटला, की तो तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्ही कानडीत बोलताय. तो हट्टी नाही, त्याला खरंच कळलेलं नसतं. त्यामुळे प्रत्येक नवीन जागी पहिलीपासून सुरुवात.

मी काय केलं ते सांगते. आमच्याजवळ एक मैदान आहे, संध्याकाळी तिथे पोरं क्रिकेट खेळतात. बॉल म्हणजे गुंड्याचा जीव की प्राण. पहिल्या दिवशी मी मैदानात गेलेच नाही. रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर बसले. कमरेच्या पाऊचमध्ये उकडलेलं चिकन, तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे. मोठे नकोत, पोट भरलं की शाळा सुटली.

पोरांनी फटका मारला की गुंड्याचे कान उभे. तोंड मिटलं, शेपटी ताठ. मी गप्प. हाक नाही, ओढाओढ नाही. तीन-चार सेकंदांनी त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी मी म्हटलं, "हं!" आणि तुकडा दिला. पुन्हा फटका, पुन्हा बघणं, पुन्हा मान वळली, "हं!", तुकडा. पाच-सात मिनिटं झाली की घरी. बस्स.

हा 'हं' महत्त्वाचा. घरी आधी वीसेक वेळा 'हं' म्हणून लगेच खाऊ दिला होता, म्हणजे 'हं' आला की खाऊ येणारच, हे त्याच्या डोक्यात पक्कं झालं. शब्द कुठलाही घ्या, फक्त छोटा घ्या. 'शाब्बास रे माझ्या राजा' म्हणेपर्यंत कुत्रा तिसरंच काहीतरी करत असतो आणि बक्षीस त्या तिसऱ्याला मिळतं.

आपण फार जवळ गेलोय हे ओळखायची खूण म्हणजे चिकन. एरवी चिकनसाठी जीव टाकणारा कुत्रा तुकड्याकडे ढुंकून बघत नसेल, किंवा खाताना बोटासकट ओढत असेल, तर तो शिकण्याच्या मनःस्थितीत नाही. तिथे 'बस, बस, बस' असा जप करू नका. दहा पावलं मागे या. रस्त्याच्या पलीकडून मैदानाच्या कडेला यायला आम्हाला पाच आठवडे लागले. मधे पाऊस, मधे माझा कंटाळा, दोन्ही धरून.

आता लीश, म्हणजे कुत्र्याच्या पट्ट्याला लावायची दोरी. ती ताणली की थांबायचं. सैल झाली की चालायचं. ओढून आपण कुठेच पोचत नाही, एवढंच त्याला कळायला हवं. पहिले काही दिवस कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जायला वीस मिनिटं लागतात आणि शेजारी विचारतात, "काय, हरवलंय का काही?" हरवू दे. लीश साधी, पाच-सहा फुटांची. ती बटण दाबून लांब होणारी शहरात नको, गाडीसमोर कुत्रा गेला की बटण सापडत नाही. मधेमधे थांबून त्याला खांब, झाडं, कुंपणं मनसोक्त हुंगू द्या, त्याची फेरी त्यासाठीच असते.

काटेरी पट्टा, गळा आवळणारी साखळी याबद्दल कमेंटमध्ये विचारू नका, माझं उत्तर नाही असंच आहे. समोर दुसरा कुत्रा दिसला आणि त्याच वेळी गळ्याला हिसका बसला, तर कुत्रा हिशोब काय मांडेल? कुत्रा दिसला की दुखतं. पुढच्या वेळी तो आधीच भुंकेल. आणि गुरगुरण्याबद्दल अजिबात रागावू नका. गुरगुरणं ही धोक्याची घंटा आहे. घंटा काढून घेतलीत, तर एक दिवस न सांगता दात लागतील.

परदेशी व्हिडिओंमध्ये एक धडा सहसा नसतो, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात मोठा. गल्लीतले कुत्रे! तिकडे समोरचा कुत्रा लीशवर असतो. इकडे चौकाचौकात हद्द ठरलेली असते आणि तुम्ही पाहुणे असता. पहिले दोन दिवस कुत्रा घरी ठेवून एकट्याने फेरी मारा. कुठे किती कुत्रे बसतात, कचऱ्याची गाडी आल्यावर कुठे जातात, पिल्लं कुठे आहेत, बघून ठेवा. पिल्लं असतील तो रस्ता दोन महिने विसरा. बाकी ठिकाणी सरळ अंगावर जाऊ नका, कमान घेतल्यासारखं वळून जा. पळू नका. आलेच अंगावर, तर मूठभर डॉग फूड त्यांच्या पुढ्यात जमिनीवर पसरवून टाका आणि शांतपणे निघा. ते वेचायला लागतात, आपण चौक ओलांडतो. मी हे महिनाभर केलं. आता कोपऱ्यावरची तांबडी कुत्री आम्हाला बघून उठतसुद्धा नाही, फक्त मुठीकडे बघते.

लिफ्टचं तंत्र सोपं आहे. दार उघडण्याआधी कुत्रा दारापासून बाजूला. आत कोपऱ्यात कुत्रा, मधे तुम्ही, पलीकडे माणसं. आत कोणी असेल तर "येऊ का?" म्हणून विचारायचं. "नको" म्हणाले तर पुढची लिफ्ट. यावर काही जण लगेच कायदा काढतात. बरोबर आहे, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. पण कायदा दुसऱ्या बाजूनेही आहे. आपल्या प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लागू शकतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कुत्र्याला घाबरणारा माणूस नाटक करत नसतो. ज्या देशात रेबीजने माणसं मरतात, तिथे ती भीती शहाणपणाचीच आहे.

ज्यांच्याकडे पिल्लू आहे त्यांच्यासाठी घाईघाईने एक गोष्ट. तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघेल ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं. नेमकी तेव्हाच लसीकरणाची मालिका पूर्ण झालेली नसते, म्हणून आपण त्याला घरात कोंडतो. कोंडू नका, जमिनीवरही ठेवू नका. कापडी पिशवीत घालून फिरवा. प्रेशर कुकरची शिट्टी, टोपीवाला माणूस, काठीवाले आजोबा, ढोल, बस, सगळं कडेवरून दाखवा. मोठं कुत्रं दत्तक घेतलं असेल तरी शिकतं. वेळ जास्त लागतो, इतकंच. गुंड्या आला तेव्हा वर्षाचा होता.

(गुंड्या उठून फ्रेममध्ये येतो, पाऊच हुंगतो.)

संपलं रे चिकन. जा, जागेवर.

(जातो. सावकाश, पण जातो.)

हो, काकूंचं सांगायचं राहिलं. काकूंना अजूनही कुत्रे आवडत नाहीत आणि आवडलेच पाहिजेत असं काही नाही. परवा आम्ही तळमजल्यावर उभे, त्या वरून आल्या. मी गुंड्याला बाजूला घेतलं, तो बसला. काकू मोबाईलवर कुणाशी तरी साबुदाणा किती वेळ भिजवायचा यावर वाद घालत बाहेर पडल्या. त्यांचा पदर गुंड्याच्या नाकावरून गेला. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काकूंचं लक्षही नव्हतं. मी हळूच म्हटलं, "हं."