आप्पांची फाइल, तीन वर्षं आणि एक पॅरालिसिस

माइक येतोय ना मागपर्यंत? चाळीस मिनिटांतली बारा सत्कारात गेली, नारळ तेवढा कोणीतरी सांभाळा.

तर विषय असा की आजारी पडलं तर दावा दाखल करायची मुदत वाढते का. उत्तर देण्याआधी आमच्या आप्पांचं सांगतो, मावशीचे यजमान, गिरगावातले. त्यांनी एका मित्राला चार लाख उसने दिले, चेकने दिले हे नशीब. मित्र गणपतीत म्हणायचा दिवाळीला देतो, दिवाळीला म्हणायचा मार्च एंड जाऊ दे. उसन्या पैशाची मुदत तीन वर्षं, पैसे दिल्यापासून, आणि ती संपायला महिना राहिला तेव्हा आप्पांना पॅरालिसिस झाला, उजवी बाजू गेली. चार महिन्यांनी काठी टेकत माझ्याकडे आले, काखेत ही एवढी फाइल, एमआरआय, फिजिओची बिलं, अहो कमोडच्या खुर्चीची पावतीसुद्धा! मी म्हटलं, आप्पा, मुदत गेली. ते म्हणाले, मी काय झोपा काढत होतो? मग स्वतःच म्हणाले, म्हणजे झोपूनच होतो म्हणा.

हसताय, पण पुढचं ऐका. त्यांना कोणीतरी सांगितलेलं की 'डिले कंडोन' होतो, म्हणजे कोर्ट उशीर माफ करतं. होतो, १९६३ च्या मुदत कायद्याच्या, म्हणजे लिमिटेशन ॲक्टच्या कलम ५ खाली, पण अपिलाला आणि अर्जाला, मूळ दाव्याला नाही! १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कातिजी केसमध्ये सांगितलं की उशिराकडे उदारपणे बघा, तेही अपिलाबद्दलच. मुदत सुरू होतानाच माणूस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, किंवा वेडा असेल तर कलम ६ सवलत देतं. कलम ९ म्हणतं, मुदत एकदा सुरू झाली की मागून आलेल्या अडचणीने थांबत नाही, म्हणजे विरार फास्ट सुटल्यावर तुम्हाला चक्कर आली तर गाडी थोडीच थांबते. आप्पा म्हणाले, तुमच्या कायद्याला वेडा चालतो, लुळा चालत नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही, आणि १९६३ च्या कायद्यात हे बदलायला हवं असं मी कधीचा ओरडतोय. कोविडमध्ये कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ दाव्यांनाही वगळून दिलाच ना? सगळं जग आजारी पडलं तर माफ, एकटे आप्पा पडले तर नाही. ते अजून बारशाला भेटले तरी माझ्याशी बोलत नाहीत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं, भजनी मंडळाला हॉल हवाय. मग भराभर सांगतो. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याकडून देणं कबूल असल्याचं सहीनिशी लिहून घ्या, कलम १८, मोजणी नव्याने सुरू होते. तोंडी कबुली नको. नाहीतर हजाराचा का होईना, त्या कर्जापोटी चेक घ्या, कलम १९. पण दोन्ही मुदतीच्या आतच, नंतर घेऊन या दोन कलमांचा उपयोग नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर मेडिक्लेमच्या कागदांसोबत मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्रही करा, दावा तो दाखल करेल. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी चालतं, कलम ४. आणि समोरचा गप्प बसला तरी मुदतबाह्य दावा कोर्ट स्वतःहून फेटाळतं, तेव्हा—

हो हो, उठतो. पेटी आत आणा तुम्ही.