सातव्या महिन्यातला डोळा

हा जो केशरी गोळा स्क्रीनवर दिसतोय ना, पौर्णिमेच्या चंद्रासारखा, आणि त्यावर फांद्या फुटल्यासारख्या लाल रेषा, तो एका बाईच्या डोळ्याचा आतला पडदा आहे. सातवा महिना चालू आहे तिला. सासूबाई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्यात आणि इथे आत आपण तिच्या रक्तवाहिन्या थेट बघतोय, सुई नाही की चिरफाड नाही. अख्ख्या शरीरात रक्तवाहिन्या अशा उघड्या बघायला मिळतात त्या इथेच. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्यात बघायचं यंत्र जगासमोर आणलं, तोपर्यंत बाहुली म्हणजे डॉक्टरांसाठीही नुसतं काळं भोकच होतं.

"ताई, हनुवटी इथे टेकवा, कपाळ पट्टीला लावा, लांब बघा." बाहुली मोठी करणारा थेंब घातल्यावर डॉक्टर मॅडम तिच्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरतायत, नीट बघा, गडबडीत हे राहून जातं. तिथे एक बारीक नळी असते, थेंब तिच्यातून नाकात आणि तिथून रक्तात उतरतो, गरोदर बाईच्या अंगात औषध जितकं कमी जाईल तितकं बरं म्हणून ही दोन मिनिटांची दाबादाबी.

आता मुळात डोळ्याचा आणि गरोदरपणाचा संबंध काय, तर रक्त. ह्या काळात बाईच्या अंगातलं रक्त जवळपास दीडपटीपर्यंत वाढतं, हृदय मिनिटाला आधीपेक्षा बरंच जास्त रक्त बाहेर ढकलतं, आणि हे सगळं मावावं म्हणून रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडं उतरतं. ही सगळी उलथापालथ डोळ्यापर्यंत पोचतेच की.

हा निळा उजेड बघा. पिवळा थेंब घातलाय, आणि दोन हिरवी अर्धवर्तुळं हळूहळू एकमेकांकडे सरकतायत, ती टोकाला टोक जुळली की बाजूच्या चकतीवरचा आकडा वाचायचा, तो डोळ्यातला दाब. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा नॉर्मल धरतात. गरोदरपणात हा दाब थोडा खाली येतो, कारण डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) जास्त सहज निचरतं. बुबुळाला किंचित सूज येते, कॉन्टॅक्ट लेन्स टोचायला लागते, नंबर हलतो. म्हणून नवीन चष्मा करायची घाई नको, बाळंतपणानंतर नंबर बहुतेक वेळा परत जागेवर येतो, उगाच पैसे घालवू नका.

आणि हा काळा-पांढरा थरांचा फोटो, बाकरवडी कापल्यासारखा, हा ओसीटी, म्हणजे उजेडाच्या मदतीने काढलेला पडद्याचा उभा छेद. वरचे पातळ थर पडद्याचे, आणि खाली जो भोकाभोकांचा जाड थर आहे तो कोरॉइड, रक्ताची गादीच म्हणा. डोळ्यात येणाऱ्या रक्तातलं ८० टक्क्यांच्या आसपास रक्त ह्या गादीत खेळतं. वरच्या पडद्यातल्या वाहिन्या हुशार असतात, बीपी वरखाली झालं तरी स्वतः आवळून सैल होऊन प्रवाह सांभाळतात, ह्या गादीला ते तितकं जमत नाही. शेवटच्या महिन्यांत कधी कधी इथून पाणी वर झिरपतं आणि पडद्याखाली फुगा धरतं. मग दाराची चौकट वाकडी दिसते, नजरेच्या मधोमध करडा डाग येतो. बहुतेकींचं ते बाळंतपणानंतर काही महिन्यांत ओसरतं.

आमचा सगळ्यात आवडता शॉट पुढचा आहे, खरं सांगायचं तर ह्याच्यासाठीच कॅमेरा परत घेऊन गेलो होतो. डोळा मिटलेला, पापणीवर जेल, आणि पोटावर फिरवतात तसलाच सोनोग्राफीचा प्रोब हलकेच पापणीवर टेकवलेला, अजिबात दाबायचा नाही. आवाज ऐका, फुस्स फुस्स. हा डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीचा ठोका. स्क्रीनवर आधी उंच सुळका येतो आणि त्याच्या मागे छोटी टेकडी. प्रीएक्लॅम्पसियामध्ये, म्हणजे गरोदरपणात बीपी चढायच्या आजारात, ही मागची टेकडी पहिल्या सुळक्याच्या मानाने उंच होते, म्हणून तो धोका आधी ओळखायला ही तपासणी वापरता येते.

प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे २० आठवड्यांनंतर बीपी १४० बाय ९० किंवा वर, बहुतेकदा सोबत लघवीतून प्रोटीन. पडद्याचे हे दोन फोटो शेजारी ठेवलेत. डावीकडे धमनी आणि शीर यांची जाडी दोनास तीन, नेहमीसारखी. उजवीकडे दुसऱ्या एका बाईचा डोळा, धमनी आवळून दोऱ्याएवढी झालीय, शिरेच्या निम्मीही नाही. अशा वेळी अंधारी येते, डोळ्यापुढे चमकतं, कधी दोन्ही डोळ्यांना दिसायचंच बंद होतं, वेळेत उपचार झाले तर नजर बहुतेक वेळा परत येते, नाहीतर झटके येतात आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. आणि जिला आधीपासून शुगर आहे तिने पहिल्या तीन महिन्यांतच पडदा तपासून घ्यायचा, तो ह्या काळात भराभर बिघडू शकतो.

दर महिन्याच्या ९ तारखेची ही रांग. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून ह्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी होते. वजन, बीपी, लघवी, हिमोग्लोबिन. ह्यातच एक प्रश्न वाढवायचा, ताई नजरेला काही वेगळं जाणवतंय का. "अशक्तपणा असेल, थोडं गूळ-शेंगदाणे खा" म्हणून अंधारी घरीच मिटवली जाते, आणि सांगणारी माणसं प्रेमानेच सांगत असतात.

तिची तपासणी झाली. पडदा चांगला, बीपी ११० बाय ७०. मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवली तर ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "सासूबाईंना दाखवू का?"

त्यांना आत बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं.

बाहेर कडक ऊन आहे, थेंबामुळे तिची बाहुली अजून मोठीच आहे. सासूबाईंनी आपल्या पदराचं टोक तिच्या कपाळावर धरलंय आणि दोघी स्टँडकडे निघाल्यात.