मोनॅकोचा पाऊस आणि झाँ-पिएर बेल्तवाज

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रेंच शर्यतचालक झाँ-पिएर बेल्तवाज गेले ते ५ जानेवारी २०१५ रोजी, सेनेगलमधल्या डकार शहरात. वय ७७. तरुणपणी मोटरसायकल शर्यतींत त्यांनी फ्रान्सची अकरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, मग ते चारचाकीकडे वळले. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाच्या ऐंशीहून अधिक शर्यती धावले आणि जिंकले एक. ऐंशीहून अधिक शर्यती, आणि विजय एकच. नुसते आकडे बघून खेळाडूला जोखायची सवय मला कधीच पटली नाही. क्रिकेटमध्येही आपण हेच करतो. शतकं मोजतो, पण खेळपट्टी कशी होती ते विसरतो. बेल्तवाज यांच्या त्या एका विजयाची खेळपट्टी कशी होती, ते आज सांगतो.

त्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यांचा डावा हात. १९६४ साली फ्रान्समधल्या रँसच्या बारा तासांच्या शर्यतीत त्यांना भीषण अपघात झाला. जीव वाचला, पण डावा कोपर कायमचा अधू झाला. हात नीट वाकेना, नीट सरळही होईना. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. हे १९६५ साली त्याच रँसच्या सर्किटवर परतले आणि फॉर्म्युला थ्रीची, म्हणजे फॉर्म्युला वनपेक्षा खालच्या वर्गाची, शर्यत जिंकले. मात्रा या फ्रेंच कंपनीच्या गाडीचा तो पहिलाच विजय.

आता चला मोनॅकोला. तारीख १४ मे १९७२, वार रविवार. समुद्राकाठचं चिमुकलं शहर, आणि शर्यत त्याच्या रोजच्या रस्त्यांवर. एका बाजूला घरांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला बंदर, मध्ये लोखंडी कठडे. फेरी तीन किलोमीटरहून जराशी मोठी, आणि अशा ऐंशी फेऱ्या. गाड्या पंचवीस. आणि पाऊस. सरी येऊन जाणारा नव्हे, शर्यतभर न हटलेला पाऊस.

सुरुवातीच्या रांगेत पहिल्या जागेवर ब्राझीलचे एमर्सन फिटिपाल्डी, त्या वर्षीचे जगज्जेते पुढे तेच झाले. शेजारी बेल्जियमचे जॅकी इक्स, पावसातले राजे म्हणून ओळखले जाणारे, फेरारीत बसलेले. तिसरे क्ले रेगाझोनी, तेही फेरारीत. चौथे आपले बेल्तवाज, बीआरएम या ब्रिटिश संघाच्या गाडीत. या संघाचे चांगले दिवस सरत आले होते आणि त्या दिवशी त्याने एकट्याने पाच गाड्या उतरवल्या होत्या.

झेंडा पडला. पंचवीस गाड्यांच्या मागे पाण्याची भिंत उभी राहिली. आणि पहिल्याच वळणावर, सांत देव्होतच्या उजव्या वळणावर, बेल्तवाज तिघांनाही मागे टाकून पुढे होते. चौथ्यावरून पहिले, एका वळणात!

हे का महत्त्वाचं? कारण पावसात पुढच्यालाच दिसतं. मागच्यांना पुढच्या चाकांनी उडवलेलं पाणी दिसतं, रस्ता दिसत नाही. बेल्तवाज यांच्यापुढे मोकळा रस्ता होता. तो त्यांना कुणी दिला नव्हता, त्यांनी पहिल्या वळणावर मिळवला होता.

आणि आता तो डावा हात. त्या काळी पॉवर स्टिअरिंग नव्हतं. गिअरची दांडी उजव्या हाताला. म्हणजे उजवा हात गिअरवर गेला की स्टिअरिंग एकट्या डाव्या हाताच्या भरवशावर. मोनॅकोत तर गिअर सतत बदलावे लागतात, एका फेरीत कितीतरी वेळा. कोरड्या रस्त्यावर त्या अधू हाताचे हाल झाले असते. पण ओल्या रस्त्यावर टायरची पकड कमी, म्हणून स्टिअरिंगवरचा ताणही कमी. ज्या पावसाने इतरांची परीक्षा घेतली, त्याच पावसाने या हाताला थोडा आराम दिला. थोडाच. बाकी सगळी त्यांची करामत.

आणि ते थांबले नाहीत. मागे इक्स होते, कधीही गाठतील असे. बोगद्यात कोरडं, बाहेर पडताच पाणी, पुन्हा बंदराकडे, पुन्हा चढ. रेगाझोनी धडकून बाद झाले. फिटिपाल्डी एक फेरी मागे पडले. आदल्या वर्षीचे जगज्जेते जॅकी स्टुअर्ट, बेल्तवाज यांचेच १९६९ चे संघसहकारी, दोन फेऱ्या मागे पडले. बेल्तवाज यांच्या फेरीत उरले एकटे इक्स. दोन तास सव्वीस मिनिटांहून जास्त वेळ हे चाललं. आणि शेवटी इक्स, पावसातले राजे, ३८ सेकंद मागे. पहिल्या फेरीपासून ऐंशीव्या फेरीपर्यंत आघाडीवर एकच माणूस, झाँ-पिएर बेल्तवाज. एकाही फेरीत दुसरा कुणी पुढे नव्हता. मी कितीही शर्यती ऐकल्या-पाहिल्या, तरी माझ्या मनात पहिली जागा हिचीच. आणि खरं सांगू? पावसातली शर्यत पडद्यावर बघण्यापेक्षा रेडिओवर ऐकावी. इंजिनाचा आवाज कमी झाला की काळजाचा ठोका चुकतो, पडद्यावर ते कळतच नाही.

जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत बीआरएमचाही तो अखेरचा विजय ठरला.

त्यांच्या आयुष्यात दुःखही मोठं होतं, तेही सांगायला हवं. जानेवारी १९७१ मध्ये ब्युनोस आयर्सला शर्यत चालू असताना त्यांच्या गाडीचं इंधन संपलं आणि ते ती ढकलत पिटकडे, म्हणजे इंधन भरायच्या जागेकडे, नेत होते. मागून आलेली इग्नाझिओ जुंती या इटालियन चालकाची फेरारी तिच्यावर आदळली आणि जुंती गेले. बेल्तवाज यांचं लायसन्स काही काळ निलंबित झालं. गाडी ट्रॅकवर ढकलायला नको होती, हे माझंही मत. आणि १९७३ मध्ये अमेरिकेत सरावात अपघाती मरण पावलेले फॉर्म्युला वन चालक फ्रान्स्वा सेव्हेर हे त्यांचे मेहुणे, पत्नीचे भाऊ. पावसातल्या त्या विजयाला दीड वर्षही झालं नव्हतं.

शर्यती सोडल्यावर त्यांनी 'काँद्वीर ज्यूस्त' नावाची शाळा काढली, साध्या लोकांना रस्त्यावर सुरक्षित गाडी चालवायला शिकवणारी. ब्रेक दाबताना घाई नको, स्टिअरिंगला झटका नको, नजर लांबवर ठेवा. पुन्हा सांगतो, नजर लांबवर. आपल्याकडे आठचा आकडा काढता आला की लायसन्स हातात येतं. पावसाळ्यात घाट उतरताना काय करायचं, हे कुणी शिकवतच नाही. ते शिकवायलाच हवं, आणि गाडी ज्याच्या हाती येते त्या प्रत्येकाला शिकवायला हवं. पॅरिसजवळच्या त्राप इथे ज्या सर्किटवर हे शिक्षण चालायचं, त्याला आज बेल्तवाज यांचंच नाव आहे.

नमस्कार.