डिस्क लॉकचा अलार्म: वाजतो कसा, आणि कुठे कमी पडतो

नमस्कार मंडळी! हे बघा, मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकला लावायचं अलार्मवालं डिस्क लॉक. मुठीत मावतं, पण आत दोन वेगळी यंत्रं आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिलं म्हणजे ही पोलादी पिन. ब्रेकच्या डिस्कला जी भोकं असतात, त्यातल्या एकातून ती आरपार जाते. चाक फिरलं की लॉक कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागावर, किंवा फोर्कवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांवर, जाऊन अडकतं. म्हणून लावतानाच कॅलिपरला खेटून लावा, चाकाला वेग घ्यायला जागा मिळत नाही. पिनेची जाडी आधी आपल्या डिस्कच्या भोकाशी ताडून बघा.

दुसरं यंत्र सेन्सरचं. साध्या लॉकमध्ये एक बारीक स्प्रिंग असते, धक्क्याने ती हलली की सर्किट जुळतं. काहींत अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, फोन आडवा केल्यावर स्क्रीन फिरवणारा तोच. पहिल्या धक्क्याला बहुतेक लॉक नुसती बीप देतात. हलवणं चालूच राहिलं, तर मग भोंगा.

आता खोक्यावरचे ११० डेसिबल. हा आकडा साधारण १ मीटरवरचा असतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे १० मीटरवर ९०, १०० मीटरवर ७०. मध्ये भिंती आणि बंद खिडक्या आल्या की त्याहून कमी. तुम्ही वरच्या मजल्यावर गाढ झोपलात, तर हा आवाज तुमच्यासाठी नाहीच. तो खालून जाणाऱ्यासाठी आहे. आणि जड ट्रक गेला तरी रोज रात्री वाजत असेल, तर तोही मान वळवणार नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे लॉक चाक अडवतं, गाडी कशालाही बांधत नाही. दोघातिघांनी उचलून टेम्पोत टाकली, की भोंगा टेम्पोतच वाजत जातो. पुढच्या चाकाखाली चाकांची ट्रॉली सरकवली तरी काम होतं. रात्रभर गाडी बाहेर राहणार असेल तर जाड साखळीने पक्क्या खांबाला बांधाच. अलार्म तिच्या जोडीला ठेवा.

सेलचं म्हणाल, तर बऱ्याच लॉकमध्ये एलआर४४ बटण सेल असतात. थंडीत ते लवकर मान टाकतात. सेल संपले तरी पिन अडवत राहते, फक्त लॉक मुकं होतं. दर महिन्याला एकदा मुद्दाम वाजवून बघा.

आणि लॉक लावल्याची आठवण करून देणारी ही रंगीत, पिळाची वायर फेकू नका! लॉक विसरून गाडी काढली तर चाक झटक्यात अडतं, गाडी आडवी होते, डिस्क वाकते. मी तिचं एक टोक लॉकला लावतो आणि दुसरं, हे असं, थ्रॉटलच्या मुठीवर.