पॅरोलवर सुटलेल्या कैद्याला मुलाखतीचे पैसे मिळावेत का? शापेल कॉर्बी प्रकरण

१० फेब्रुवारी २०१४. इंडोनेशियातल्या बाली बेटावरचा केरोबोकान तुरुंग. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर स्कार्फ, अशी एक बाई बाहेर येते आणि कॅमेरेवाल्यांची तिच्यावर झुंबड उडते. ही ऑस्ट्रेलियाची शापेल कॉर्बी, पॅरोलवर सुटलेली. त्या आठवड्यात ऑस्ट्रेलियात तिच्यापेक्षा मोठी बातमी नव्हती.

आधी मागचं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २००४ मध्ये ही बाई सुट्टीसाठी बालीला उतरली. तिच्याकडे समुद्राच्या लाटांवर खेळायच्या छोट्या बोर्डाची बॅग होती. त्या बॅगेत चार किलोच्या वर गांजा सापडला. ती म्हणाली, माझा नाही, कुणीतरी टाकला. आजही ती तेच म्हणते. मे २००५ मध्ये बालीतल्या देनपसारच्या कोर्टाने २० वर्षांची शिक्षा ठोठावली. २०१२ मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांनी त्यातली पाच वर्षं माफ केली, त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. मग २०१४ मध्ये पॅरोल.

इथे आपला एक घोळ होतो. आपल्याकडे पॅरोल म्हटलं की घरात लग्न आहे, कुणी वारलंय, म्हणून कैदी काही दिवस बाहेर आला आणि परत आत गेला, असं डोळ्यांसमोर येतं. इंडोनेशियातलं हे प्रकरण तसं नाही. शिक्षेचा मोठा भाग आत काढला की उरलेली शिक्षा बाहेर राहून भोगायची, पण अटी पाळून. कॉर्बीला २०१७ पर्यंत बाली सोडायची नव्हती आणि नेमाने हजेरी लावायची होती. वागणूक बिघडली तर पुन्हा आत.

आता खरी गंमत. ती सुटली आणि थेट सेमिन्याकमधल्या एका आलिशान रिसॉर्टमध्ये गेली. सोबत ऑस्ट्रेलियाच्या ‘चॅनेल सेव्हन’ची टीम. वर्तमानपत्रांत आकडे आले, पहिल्या मुलाखतीचे २० ते ३० लाख डॉलर! सेव्हनने असा काही करार झाल्याचं साफ नाकारलं. पण तोवर दोन देशांची सरकारं खडबडून जागी झाली होती. आणि दोघांची दुखणी वेगळी होती.

इंडोनेशियाला पैशाचं फारसं पडलं नव्हतं. त्यांची काळजी होती ती बोलण्याची. न्यायमंत्री अमीर शम्सुद्दीन यांनी सुनावलं की मुलाखतीमुळे समाजात अस्वस्थता पसरली तर पॅरोल रद्द होऊ शकतो. मला यात खटकतं ते हे, की ‘अस्वस्थता’ मोजायची कशाने? अशी ढगळ अट असली की कैद्याने तोंड उघडायचं की नाही, हे त्या दिवशी मंत्र्याला काय वाटतं त्यावर ठरतं.

या बाबतीत आपल्याकडचा एक निकाल आठवतो. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिलं नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, स्थानबद्धतेच्या अटींमध्ये जे बंधन नाही, ते तुम्ही वरून लादू शकत नाही. अर्थात संझगिरी गुन्हेगार नव्हते आणि विषय अणूचा होता, गांजाचा नाही. पण लिहिलेली अट आणि मनातली अट यांतला फरक तिथे लख्ख दिसतो.

बालीत मात्र कुणी धोका पत्करला नाही. शापेल गप्पच राहिली. २ मार्चला सेव्हनवर मुलाखत दिसली ती तिच्या बहिणीची. त्यात गांजा कुठून आला असेल यावर बहीण जे बोलली, त्याने इंडोनेशियाचे अधिकारी भडकले आणि तिला लेखी माफी मागावी लागली.

ऑस्ट्रेलियाचं दुखणं पैशाचं. तिथे २००२ चा एक कायदा आहे, गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त करण्याचा. त्यात फक्त चोरीचा माल येत नाही. गुन्ह्यामुळे मिळालेल्या बदनामीचा धंदा करून जे मिळतं, म्हणजे पुस्तक, मुलाखत, सिनेमा, तेही येतं. गुन्हा परदेशात झाला असला तरी चालतो, फक्त तो फायदा ऑस्ट्रेलियात मिळालेला किंवा तिथे आणलेला हवा. आणि कोर्ट सरसकट जप्ती करत नाही. त्या पुस्तकाला किंवा कार्यक्रमाला काही सामाजिक, शैक्षणिक मूल्य आहे का, गुन्हा किती गंभीर होता, किती जुना होता, हे सगळं बघतं.

कॉर्बी कुटुंबाला या कायद्याचा चटका आधीच बसला होता. ती तुरुंगात असताना २००६ मध्ये तिचं आत्मकथन आलं. क्वीन्सलंडच्या कोर्टाने पुढच्याच वर्षी त्याची कमाई गोठवली आणि २००९ मध्ये १,२८,८०० डॉलर जप्त झाले.

म्हणून २०१४ मध्ये पोलीस तयारीतच होते. १८ फेब्रुवारीला सिडनीत सेव्हनच्या ऑफिसांवर आणि त्यांच्या मासिकांच्या कंपनीवर धाडी पडल्या. मुलाखतीच्या कराराचा कागद शोधायला एवढा फौजफाटा! पुढे तर फजितीच झाली. धाडीच्या वेळच्या आदेशात चॅनेलच्या वकिलावरच गुन्ह्याचा संशय असल्यासारखा मजकूर गेला होता. पोलिसांनी माफी मागितली. मार्चअखेर फेडरल कोर्टाच्या न्यायमूर्ती जेन जॅगोट यांनी ती वॉरंटं बेकायदा ठरवली.

असा कायदा पहिल्यांदा आणला न्यूयॉर्कने, १९७७ मध्ये. ‘सन ऑफ सॅम’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या खुन्याला आपली कहाणी विकता येऊ नये म्हणून. गंमत म्हणजे त्या माणसाला तो कायदा कधी लागूच झाला नाही. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, कारण तो एका विशिष्ट विषयावरच्या लिखाणाचीच कमाई अडवत होता. पण एक गोष्ट त्यात बरी होती. तो पैसा गुन्ह्याच्या बळींसाठी राखून ठेवला जायचा. कॉर्बीच्या बाबतीत समोर कुणी बळीच नाही. जप्त झालेला पैसा सरकारकडे जातो.

आणि माझा मुख्य आक्षेप यापुढचा आहे. ऑस्ट्रेलियाचा हा कायदा गोष्ट विकणाऱ्याचा खिसा तपासतो, विकत घेणाऱ्याचा नाही. समजा मुलाखत झाली असती. कॉर्बीचे पैसे जप्त झाले असते आणि त्याच तासाभरात दाखवलेल्या जाहिरातींचे पैसे चॅनेलकडे सुखरूप राहिले असते. बदनामीचा धंदा थांबवायचा म्हणता, तर त्या धंद्यातला मोठा वाटेकरी मोकळा कसा?

२७ मे २०१७ ला इंडोनेशियाने तिला मायदेशी पाठवलं. पॅरोल संपला, मंत्र्यांची अट संपली. २०२० मध्ये ती एका रिअ‍ॅलिटी शोमध्ये कमांडोछाप खडतर प्रशिक्षण घेताना दिसली, पुढच्या वर्षी सेलिब्रिटींच्या नाचाच्या स्पर्धेत. दोन्ही कार्यक्रम चॅनेल सेव्हनचे. आता सांगा, नाचाचं मानधन हे गुन्ह्याच्या बदनामीतून आलेलं धरायचं का? तिने नाचून दाखवलं, पण तो गांजा सापडला नसता तर तिला सेलिब्रिटी म्हणून बोलावलं कुणी असतं? तुम्ही न्यायाधीश असता तर काय केलं असतं, कमेंटमध्ये लिहा. मी वाचणार आहे.